पहिल्या कोंबड्याचा मान

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या तळवाडीचे गावकर माननीय भिकाजीभाऊ. प्रमुख पाहुणे, गणपतीपुळे रस्त्यावरच्या निम्म्या हॉटेलांना कोंबडी पुरवणारे आणि या सभागृहातले चारही पंखे दान करणारे माननीय गुरुप्रसादशेठ. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या पशुवैद्यकीय अधिकारी डॉ. योगिनी नागवेकर; युवक मंडळाचा चिटणीस आणि आजचा सूत्रसंचालक निलेश; मुंबईहून रजा काढून आलेले आमचे चाकरमानी भाऊ; आणि मागे दाराशी ताटकळत उभ्या असलेल्या माझ्या मैत्रिणींनो.

सगळ्यात आधी तुम्ही बसून घ्या. पुढच्या दोन रांगा रिकाम्या दिसताहेत. त्या मान्यवरांसाठी राखलेल्या असतील तर मान्यवर आले की बघू. या, या. लाजू नका. खुर्च्या आपल्याच वर्गणीच्या आहेत.

निलेशनं मला सकाळी घरी येऊन सांगितलं, "ताई, दोनच मिनिटं बोला. डॉक्टरांच्या मनमिळाऊ स्वभावावर बोला." निलेश, तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून सुरुवात तिथूनच करते. डॉ. योगिनी यांचा स्वभाव मनमिळाऊ नाही. आमच्या पहिल्या भेटीत त्यांनी मला झापलं होतं. मी माझ्या कुत्र्याला चहात बुडवून बिस्किटं देते हे त्यांना कळलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "शिवलकरबाई, तुमचं प्रेम या कुत्र्याच्या यकृताला परवडत नाही." माझ्याशी असं बोलायची हिंमत त्याआधी फक्त शाळेतल्या सिस्टरांनी केली होती. तेव्हापासून मला ही बाई आवडते.

स्वभावाचा विषय संपला. आता जे बोलायला मी खरं आले आहे ते बोलते.

मुंबईकर पाहुणे मला ओळखत नसतील. मी विमला शिवलकर. जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते, निवृत्त होईपर्यंत मांडवीला राहिले, आता इथं वाडीत सासरच्या घरी असते. उभी नोकरी साक्षी टिपून घेण्यात गेली. खोटं बोलणारा माणूस कुठल्या वाक्याला पाणी मागतो हे मला न बघता कळतं. आणि कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी हातावर पट्टी मारून मला दोन गोष्टी शिकवल्या: अक्षर सुवाच्य काढायचं आणि विचारलं की उभं राहून खरं सांगायचं. वयामुळे अक्षर बिघडलं. दुसरी गोष्ट अजून शाबूत आहे.

तर, मंडळी, एक प्रश्न विचारते. डॉक्टरांची बदली नियमानुसार झाली आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यांचा कार्यमुक्तीचा आदेश अजून यायचा आहे आणि तो येईपर्यंत आपला निरोप समारंभ मात्र होऊनही गेला असेल. एवढी घाई आपण कधी कुणाच्या निरोपाला केली होती? आधीच्या मास्तरांना आपण ते गेल्यावर तीन महिन्यांनी नारळ पोचवला. मग या बाईंसाठीच मंडप, बॅनर, प्रमुख पाहुणे, बटाटेवडे हे सगळं इतक्या तातडीनं का?

कारण येत्या रविवारी राखण आहे. आणि राखणेच्या आधी या बाई वाडीतून गेलेल्या बऱ्या, असं काही जणांना वाटतं.

भिकाजीभाऊ, तुम्ही चष्मा पुसताय. पुसा. सावकाश पुसा.

मुंबईत वाढलेल्या मुलांसाठी सांगते. आपल्या वाडीच्या राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, आपल्या धन्याला, वर्षातून एकदा कोंबड्याची राखण देतात. रीत अशी की घरटी एक गावठी कोंबडा. सगळे कोंबडे त्याच्या स्थळावर, चाफ्याखाली पुरुष कापतात. पहिला कोंबडा मानाचा. तो येसूबाईच्या घराचा. तिच्या सासऱ्यांच्या, त्यांच्या वडलांच्या वेळेपासून. वाडीचा प्रमुख म्हणून गावकर तिच्या दारात जातो, ती कोंबड्याच्या डोक्यावर तांदूळ ठेवते आणि तो गावकराच्या हाती देते. मग सगळ्या कोंबड्यांचं मटण एकत्र करून केळीच्या पानांवर वाटे घालतात. कुणाला जास्त कुणाला कमी होऊ नये म्हणून प्रत्येक वाट्यात प्रत्येक कोंबड्याचा तुकडा पडलाच पाहिजे. कच्चा वाटा घरी येतो आणि घरी बायका शिजवतात. स्थळावर बायकांनी जायचं नाही. फोडणीला मात्र बायकाच लागतात.

गेल्या वर्षी गुरुप्रसादशेठ बैठकीत म्हणाले, "घरटी कोंबडा शोधत फिरायची कटकट कशाला? या वर्षी सगळे माझ्याकडून." वाडीनं टाळ्या वाजवल्या. पोल्ट्रीतून सोलून स्वच्छ केलेल्या कोंबड्यांच्या पाट्या आल्या. शेठचा फोटो असलेला बॅनरही आला, चाफ्याच्या फांदीला बांधला. राखणदारालाही कळायला हवं ना, दाता कोण ते! पण स्थळावर जिवंत गावठी कोंबडाच लागतो, पोल्ट्रीचा धन्याला चालत नाही. म्हणून एक, फक्त एक, येसूबाईचा मानाचा कोंबडा त्या ढिगात होता.

दुसऱ्या दिवसापासून वाडी आडवी झाली. जुलाब, उलट्या, ताप. पहाटे रिक्षा मिळेना. माझ्या शेजारची सानिका तिच्या पाच वर्षांच्या ओवीला खांद्यावर टाकून रुग्णालयात गेली, नवरा संदेश लोट्याच्या कारखान्यात पाळीवर होता. बाकीचे चार दिवसांत उठले. ओवी उठली नाही. आजार रक्तात उतरला होता. पहिलं औषध लागू पडेना, दुसरं पडेना. सानिका मला फोनवर फक्त एवढंच म्हणायची, "काकी, ती पाणी पण मागत नाय."

आणि इकडे वाडीत निकाल लागून मोकळा झाला होता. तपास नाही, साक्ष नाही, उलटतपासणी नाही. शेठचं मटण तर शहरभर खातात, हॉटेलात खातात, मग दोष कुणाचा? ढिगात वेगळं काय होतं? येसूबाईचा कोंबडा! बाई विधवा, परसात उकिरड्यावर फिरणाऱ्या कोंबड्या, हात कसा कुणास ठाऊक. कापलं पुरुषांनी. वाटे घातले पुरुषांनी. आणि संशय कुणाच्या हातावर? जी स्थळावर पाऊलही टाकू शकत नाही तिच्या!

एक जण तर म्हणाला, "विमलाकाकीला काहीच कसं झालं नाही? तिला आधीच ठाऊक असणार." त्या विद्वानाला मी ओळखते, तो उजवीकडच्या खांबाला टेकून उभा आहे. बाळा, मला काही झालं नाही त्याचं कारणही सांगणार आहे. थांब तू.

डॉ. योगिनी आल्या त्या गुराढोरांच्या डॉक्टर म्हणून. माणसांचा जुलाब हे काही त्यांचं काम नव्हतं. त्या मुकाट बसल्या असत्या तर कुणी विचारलं नसतं. पण त्या घरोघरी गेल्या. काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं हे विचारलं. आणि माझ्या ओट्यावर बसून डोक्याला हात लावला. म्हणाल्या, "बाई, जगात सगळीकडे अशा वेळी विचारतात की आजारी पडलेल्यांनी काय खाल्लं आणि धडधाकट राहिलेल्यांनी काय खाल्लं नाही. तुमच्या वाडीत सगळ्यांनी सगळं खाल्लंय. प्रत्येक वाट्यात प्रत्येक कोंबडा. एवढा न्याय मी कुठं पाहिला नाही, आणि या न्यायानंच माझी वाट अडवलीय."

मंडळी, आपल्याला अभिमान आहे ना आपल्या समान वाट्यांचा? मलाही आहे. पण जंतूचाही समान वाटा आपण घरोघर पोचवला.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "उरलंय काय?" मटण कुणाकडे उरतंय? सानिकाच्या फ्रिजमध्ये एका तांब्यात सोलकढी मात्र तशीच होती, लेकीला घेऊन धावताना तिला ती टाकायला सवड कुठे होती? डॉक्टर तो तांब्या घेऊन गेल्या. मी हसले. म्हटलं, सोलकढीत कोंबडी कुठून आली? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमची विळी दाखवा."

आता सगळ्या बायकांनी इकडे लक्ष द्या. आपल्या विळीला पुढे खवणी असते. कोंबडीचे मोठे तुकडे आपण विळीवर बारीक करतो. मग विळी धुतो. कशी धुतो? पाणी ओतून. पातं चमकलं की झालं. खवणीच्या दातांत काय अडकलंय ते दिसत नाही. त्याच खवणीवर नारळ खवतो. कोंबडी चुलीवर रटरट शिजते, तिच्यातला जंतू मरतो. आणि नारळाचं दूध? ते कच्चंच. कोकमाचं आगळ घातलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, झाली सोलकढी. आंबट आहे म्हणून जंतू लगेच मरत नाही. ज्या दोन घरांत त्या दिवशी सोलकढी केली नव्हती ती दोन घरं वाचली. आणि मी वाचले कारण माझी खवणी वेगळी आहे, ओट्याला स्क्रूनं आवळायची. खांबाला टेकलेल्या, ऐकलंस?

पण जंतू खवणीवर आला कुठल्या कोंबड्यावरून? प्रश्न तसाच राहिला.

डॉक्टरांनी येसूबाईच्या कोंबड्यांचे नमुने घेतले. त्या शेठच्या पोल्ट्रीतही गेल्या. शेठ, इथं तुमची बाजू मी मांडणार, कारण ते खरं आहे. तुम्ही फाटक उघडून दिलंत. "घ्या डॉक्टर, हवे तेवढे नमुने घ्या, माझी पोल्ट्री म्हणजे आरसा आहे," असं म्हणालात. पक्षी धष्टपुष्ट होते, एकही आजारी नव्हता. डॉक्टर सांगतात की कोंबडीच्या पोटात हा जंतू सुखानं राहतो, तिला काही होत नाही. तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं. तोपर्यंत तुमचा काहीही दोष नाही.

मग पहिली तपासणी आली. रुग्णांमध्ये साल्मोनेला. पोल्ट्रीत साल्मोनेला. आणि येसूबाईच्या कोंबड्यांत? तिथेही साल्मोनेला. त्यातलं शेवटचंच वाक्य वाडीनं ऐकलं.

डॉक्टर सांगत होत्या, "थांबा, हे नुसतं नाव आहे. पुढची तपासणी मुंबईला गेलीय, ती येऊ द्या." मीही सांगत होते. म्हटलं, रत्नागिरीत शिवलकर आडनावाची किती माणसं आहेत! उद्या एखाद्या शिवलकरानं दरोडा घातला तर मला बेड्या घालाल का? भिकाजीभाऊ म्हणाले, "विमलाताय, लोकांच्या जिवाचा प्रश्न हाय." येसूबाईच्या परसात खड्डा खणला. तिच्या सगळ्या कोंबड्या, पिलांसकट, एका सकाळी त्यात गेल्या. डॉक्टर खड्ड्याच्या कडेला उभ्या राहून बोलत होत्या आणि फावडी त्यांच्या पायांशी माती ओढत होती. येसूबाई दारात बसली होती. ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "बाय, माज्या कोंबड्यांनी कुनाचं काय वाईट केलानी? अंडी दिलानी, तीच ना?"

त्या दिवसापासून तिच्या दारात अंड्याला कुणी गेलं नाही, हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही, नळावर ती आली की हंडे सरकायला लागले. आणि तीन आठवड्यांपूर्वी बैठकीत ठरलं की यंदापासून पहिल्या कोंबड्याचा मान येसूबाईचा नाही. कुणाचा? गुरुप्रसादशेठचा.

निलेश, चिठ्ठी पाठवू नकोस. वाचायचा चष्मा घरी राहिलाय. आणि माईकच्या वायरीपासून लांब हो, पाय अडकेल तुझा.

आता मुंबईहून काय आलं ते सांगते. त्या तपासणीत जंतूची सगळी जनुकं अक्षर न् अक्षर वाचतात. एका जंतूत जवळपास अठ्ठेचाळीस लाख अक्षरं. डॉक्टर मला हे समजावून सांगताना अवघडल्या होत्या, पण मला ते चटकन कळलं, कारण आयुष्यभर मी तेच केलंय. आमच्या कचेरीत एका निकालपत्राच्या नकला निघायच्या. नक्कल करणारा कुठेतरी चुकतो. त्या नकलेवरून पुढची नक्कल करणारा ती चूक तशीच उचलतो आणि स्वतःची एक भर घालतो. मला दोन नकला द्या, त्यातल्या चुका बघून मी सांगेन की या एकाच टेबलावरच्या आहेत की नाही. जंतूही स्वतःची नक्कल काढत वाढतो आणि तोही चुकतो. चुका जुळल्या तर घराणं एक. नाही जुळल्या तर नाव एक असून उपयोग नाही.

ओवीच्या रक्तातला जंतू, बाकी रुग्णांचा जंतू, सानिकाच्या तांब्यातल्या सोलकढीतला जंतू आणि शेठच्या पोल्ट्रीतला जंतू. अठ्ठेचाळीस लाख अक्षरांत फरक किती? एखाद-दुसऱ्या अक्षराचा.

आणि येसूबाईच्या कोंबड्यांचा? हजारो अक्षरांचा. त्या जंतूचं या आजाराशी देणंघेणंच नव्हतं. तो बिचारा आपल्या कोंबड्यांबरोबर खड्ड्यात गेला.

अजून एक. ओवीला जी औषधं लागू पडली नाहीत, ती पचवण्याची जनुकं तिच्या जंतूत होती. तीच पोल्ट्रीतल्या जंतूतही होती. येसूबाईच्या कोंबड्यांच्या जंतूत त्यातलं एकही नव्हतं. असणार कुठून? तिच्या कोंबड्यांनी जन्मात औषध पाहिलं नाही. पक्षी लवकर भरावेत म्हणून खाद्यात औषध मिसळायचं हे उकिरड्यावर कुठं मिळतं? शेठ, पोल्ट्रीतल्या जंतूला औषधाची सवय तुमच्या खाद्यानं लावली आणि त्याची किंमत रुग्णालयातल्या एका पाच वर्षांच्या मुलीनं मोजली. पोल्ट्रीत जंतू होता हे तुम्हाला माहीत नव्हतं. खाद्यात काय आहे ते तुम्हाला माहीत होतं.

बसा, शेठ, बसा. चहा यायचाय. प्रमुख पाहुणे आभारप्रदर्शनाआधी उठले तर बरं दिसत नाही.

डॉक्टरांनी हा मुंबईचा अहवाल बैठकीत मांडला तेव्हा तुम्ही एक मुद्दा काढलात, तो मला पसंत पडला, कारण कुठलाही चांगला वकील तोच काढेल. तुम्ही विचारलंत, "कशावरून तुमच्या वाडीतला जंतू माझ्या पोल्ट्रीत आला नाही?" डॉक्टरांनी उत्तर दिलं. पोल्ट्रीत त्या घराण्याच्या कितीतरी शाखा सापडल्या, पाण्याच्या भांड्यात एक, धुळीत एक, पक्ष्यांच्या पोटात निरनिराळ्या. म्हणजे तो तिथं खूप दिवस नांदतोय. वाडीत सापडली ती एकच फांदी. ज्या टेबलावर नकलांचा गठ्ठा आहे ते टेबल मूळ, की ज्या घरात एक कागद आलाय ते घर? डॉक्टरांनी असंही सांगितलं की कुठला पक्षी, कुठली पाटी हे सांगता येणार नाही. जेवढं कळलं तेवढंच त्या बोलल्या. साक्षीदार असा असावा. मी असे फार थोडे पाहिलेत.

तुम्ही त्यावर काय म्हणालात? "शास्त्र आहे, आज एक सांगतं, उद्या दुसरं." भिकाजीभाऊंनी चहा मागवला आणि बैठक पुढच्या विषयावर गेली. पाणंदीतल्या दिव्याच्या.

ही बैठक झाली तेव्हा डॉक्टर सोडल्या तर तिथं एकही बाई नव्हती, मलाही हे सगळं त्यांच्याकडून उशिरानंच कळलं. घरी येऊन कुणी बायकोला सांगितलं नाही. म्हणून आजवर नळावर हंडे सरकताहेत. मैत्रिणींनो, याचा राग मी तुमच्यावर काढत नाही. तुम्हाला पहिली तपासणी सांगण्यात आली, दुसरी सांगण्यात आली नाही. आता सांगितली. आता हंडा सरकला तर मात्र तो जिचा तिनं सरकवला.

दोन मिनिटं झाली का रे निलेश? असू दे.

ओवी बरी झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती आत्ता पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर वडा खातेय आणि माझ्याकडे बघून जीभ काढतेय. पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. ती सांगायची परवानगी मी काल सानिकाकडून घेतली आहे.

येसूबाईनं त्या राखणेच्या आधी आपल्या कोंबडीची अंडी सानिकाच्या खुडूक, उबवायला बसलेल्या कोंबडीखाली ठेवली होती. अर्धलीनं. पिलं निघाली की निम्मी तिची, निम्मी हिची, आपल्याकडे घरोघर चालतं तसं. खड्डा खणला त्या सकाळी अंडी टोपलीत होती. लोक सानिकाच्या दारात आले, "त्या कोंबड्यांचं काही तुझ्याकडे आहे का?" तिची लेक तेव्हा रुग्णालयात होती. राग धरायचा हक्क वाडीत कुणाला असेल तर तिलाच. ती कपडे न्यायला घरी आली होती. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "माझ्याकडे माझी खुडूक हाय. तिला हात लावायचा नाय." दार लावून घेतलं.

मी तिला नंतर विचारलं, तुला खात्री होती? ती म्हणाली, "खात्री कसली काकी. पन येसूकाकीनं ओवीच्या वेळी माज्या बाळंतपणात शेक दिलान. ती इख घालील होय?"

त्या पिलांतला एकच जगला, तो कोंबडा आज चांगला तुरेबाज झाला आहे. ओवी त्याला हातावर दाणे देते. डॉक्टरांनी त्याची दोनदा तपासणी केली आहे, निर्धोक आहे. येसूबाईच्या कोंबड्यांच्या घराण्यातला तो एकमेव जिवंत कोंबडा. आणि रविवारी राखण आहे.

म्हणून, अध्यक्षमहाराज, माझा प्रश्न तुम्हाला आहे. शेठना नाही. शेठनी मान मागितला असेल, पण दिलात तुम्ही. रविवारी मानाचा कोंबडा घ्यायला तुम्ही कुणाच्या दारात जाणार?

काय म्हणालात?

मंडळी, भाऊ म्हणताहेत, "बैठकीत बघू ताय." भाऊ, बैठक म्हणजे काय हो? गावकर इथं, वाडी इथं, मुंबईकर इथं, वर्गणीच्या खुर्च्या इथं. या वेळी बायकाही आहेत. यापेक्षा मोठी बैठक तुम्ही कधी भरवली होती? तुम्ही वाईट माणूस नाही. ओवीसाठी रिक्षा तुम्हीच शोधून आणलीत, हेही मी विसरलेले नाही. तुम्ही घाबरलेले आहात. पंख्यांना घाबरलात. पंखे काढून नेले तर आम्ही पदरानं वारा घेऊ.

ज्यांना वाटतं की मान येसूबाईच्याच घराचा, त्यांनी हात वर करा. बायकांनी सुद्धा. बायकांनी आधी.

बघा, भाऊ. मी मोजत नाही, तुम्हीच बघा. खांबाला टेकलेल्याचाही हात वर आहे.

निलेश, माईक अध्यक्षांपुढे धर. जवळ धर. वाडीला ऐकू जाऊ दे.

"...मान येसूच्या घराचाच. मी येतो सकाळी."

झालं. एवढ्यासाठी मला घसा कोरडा करावा लागला.

शेठ, तुम्हाला मी पाडायला उभी राहिले असं समजू नका. डॉक्टरांनी तुम्हाला काय करायचं ते सांगितलं आहे: खाद्यातलं औषध बंद, शेड रिकामी करून धुणं, नमुने पुन्हा देणं. ते करा. मग मी स्वतः तुमची कोंबडी विकत घेईन आणि सगळ्यांना सांगत सुटेन. मी एकदा सांगत सुटले की कशी सुटते ते तुम्ही आज पाहिलंत.

आता शाल-श्रीफळ. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय, प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते. त्यांची परवानगी गृहीत धरून मी त्यात एक दुरुस्ती सुचवते. येसूबाई, तू मागं दारात चपलांपाशी का उभी आहेस? इकडे ये. पदर नीट कर आणि ये. ही बाई तुझ्या खड्ड्याच्या कडेला उभी राहिली होती. तिच्या खांद्यावर शाल तूच घालायचीस.

ती येतेय तोवर शेवटचं सांगते. काल मी आणि सानिका येसूबाईकडे तो कोंबडा दाखवायला गेलो होतो. ओवीनं तो पोटाशी धरला होता आणि तिनं येसूबाईला विचारलं, "आजी, याला कापनार?" येसूबाईनं कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मान परत गावला तर यंदा सोडायचा. धन्याच्या नावानं सोडायचा." मानाचा कोंबडा कापायचा की देवाच्या नावानं सोडायचा हे ठरवायचा हक्क मानकऱ्याचा. तो माझा नाही. भिकाजीभाऊ, तुमचाही नाही. शेठ, तुमचा तर नाहीच. रविवारी तो चाफ्याखाली मोकळा फिरेल आणि पहाटे पहाटे सगळ्या वाडीची झोप मोडेल. ज्याला त्याचा त्रास होईल त्यानं माझ्याकडे यावं.

डॉक्टर, नव्या गावातही कुणाच्या तरी खड्ड्याच्या कडेला तुम्ही उभ्या राहाल, याबद्दल मला शंका नाही. इथून जाताना एवढंच घेऊन जा की इथं तुमचं ऐकलं गेलं. उशिरा, पण ऐकलं गेलं.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, किंवा मला थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. पाहुण्यांनी शेवटपर्यंत बसून ऐकलं त्याबद्दल त्यांचेही. माझ्या बोलण्यात कुणाचा एकेरी उल्लेख झाला असेल, वेळ जास्त घेतला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर वयाकडे बघून मोठ्या मनानं क्षमा करावी. जे खरं आहे ते सांगितलं, त्यासाठी मात्र क्षमा मागायची सवय मला नाही, आणि या वयात नव्या सवयी लागत नाहीत.

आलीस? घे ही शाल. उलटी धरलीयेस, जरीची बाजू बाहेर. हं. घाल आता.

नमस्कार.